पंप पाठीवर घेण्याआधी: पाण्याचा ताण, कीड आणि रोग ओळखून उपाय करण्याचा क्रम

पान कोमेजलं की पाणी, पिवळं पडलं की खत, ठिपका दिसला की फवारणी. बहुतेकांचा हात याच क्रमानं चालतो आणि नुकसान इथूनच सुरू होतं. कोमेजणं, पिवळेपणा, करपलेल्या कडा ही लक्षणं पाणी कमी पडल्यावर येतात, तशीच पाणी साचल्यावरही येतात. मुळं कुजली तरी वरून तेच दिसतं आणि हुमणीनं (मातीतल्या पांढऱ्या अळीनं) मुळं खाल्ली तरी तेच. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा, आणि पुष्कळदा औषध लागतच नाही.

टोमॅटोच्या एका प्लॉटमध्ये शेवटच्या चार ओळी दुपारी माना टाकत होत्या. मी मर रोग धरून चाललो आणि दोनदा बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतलं. तिसऱ्या वेळी नळी उचलून पाहिली, तर टोकाकडचे ड्रिपर गाळानं बंद झालेले. नळीचं टोक उघडून धुतलं आणि आठवड्याभरात झाडं सावरली. पण मधल्या पंधरा दिवसांत जी फुलगळ झाली ती भरून निघाली नाही. तेव्हापासून मी एक क्रम मोडत नाही: आधी माती, मग मूळ, मग पान आणि औषध सगळ्यात शेवटी. शेतातल्या पिकाला आणि लॉनला हा क्रम सारखाच लागू पडतो. जिथं फरक आहे, तिथं वेगळं लिहिलं आहे.

## तयारी: हाताशी काय हवं

खुरपं, धारदार चाकू, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, पांढरा आणि काळा कागद, काचेचा स्वच्छ ग्लास, मोजपात्र, मिलिमीटरची पट्टी आणि सरळ कडांचे सहा-आठ एकसारखे डबे. लॉन असेल तर वीतभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर.

आणि एक वही. शेवटचं पाणी कधी दिलं आणि किती वेळ, शेवटची फवारणी कोणती, खत कधी टाकलं, पाऊस कधी पडला, लक्षण पहिल्यांदा कोणत्या दिवशी दिसलं. या पाच नोंदी समोर नसतील तर निदान नुसत्या आठवणीवर चालतं, आणि आठवण फार फसवते.

पाहणी सकाळी, ऊन चढायच्या आत करा. कडक उन्हात निरोगी झाडही पानं सैल सोडतं. भोपळावर्गीय पिकांत तर हे रोज दिसतं. लॉनवरचा बुरशीचा कापसासारखा थरही दव वाळलं की दिसेनासा होतो, म्हणून दहा वाजता गेलात तर पुरावा हातून गेलेला असतो.

इशारा: कारण कळेपर्यंत पाणी, खत, फवारणी यांत काहीही एकदम बदलू नका. तिन्ही एकाच दिवशी बदलले तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळणार नाही.

## टप्पा १: लांबून बघा

झाडाजवळ जाण्याआधी बांधावरून किंवा लॉनच्या कडेवरून पूर्ण क्षेत्र बघा. नुकसान कोणत्या आकारात पसरलंय, यावरून अर्ध काम होतं.

सरळ रेषेत किंवा ठरावीक अंतरावर पट्टे दिसत असतील तर बहुधा माणसाच्या कामाची खूण आहे: बंद पडलेली नळी, खताची दुहेरी फेरी, चोंदलेलं नोझल. जिवंत कारण सहसा पट्टीनं आखल्यासारखं पसरत नाही. सखल भागातच झाडं पिवळी असतील तर निचऱ्याचा संशय घ्या. उंचवट्यावर किंवा मुरमाड पट्ट्यात असतील तर पाणी कमी पडतंय. एका कडेकडून आत सरकत येणारं नुकसान म्हणजे शेजारच्या तणांतून आलेली कीड किंवा वाऱ्याबरोबर आलेलं तणनाशक. आणि इथे एक, तिथे दोन अशी झाडं जाऊन मग प्रत्येकाभोवतीची झाडं जाऊ लागली, तर रोग मनात धरून पुढं जा.

लॉनवर बऱ्यापैकी गोल चट्टे हे बुरशीचं लक्षण. वेडेवाकडे, एकमेकांत मिसळत जाणारे चट्टे हुमणीचे असू शकतात किंवा पाणीच न शिरणाऱ्या कोरड्या जागेचे.

विषाणूजन्य रोग आणि तणनाशकाचा धक्का यांत फार गल्लत होते. २,४-डी सारख्या तणनाशकाच्या वाफेनं किंवा तुषारानं कपाशीची आणि टोमॅटोची पानं अरुंद, वाकडी, शिरा जवळ आल्यासारखी होतात. फरक असा की तणनाशकानं एकाच दिवसात एका बाजूची बहुतेक झाडं, बांधावरच्या इतर रुंद पानांच्या वनस्पतींसकट, बिघडतात. विषाणू झाडामागून झाड घेत हळूहळू सरकतो.

## टप्पा २: माती खणा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात, कारण वरची माती डोळ्यांना दिसते आणि तेवढी पुरेशी वाटते. वरचे दोन बोटं माती कोरडी आणि खाली चिखल, किंवा वर ओल आणि खाली खडखडीत, दोन्ही नेहमी आढळतं.

भाजीपाल्यात १५ ते २० सेंटिमीटर खोलीवरची, लॉनमध्ये ७ ते १० सेंटिमीटरवरची मूठभर माती घ्या आणि आवळा. बोटांतून पाणी आलं तर माती जास्त ओली. गोळा झाला, तळहात जेमतेम ओलसर झाला आणि टिचकीनं गोळा फुटला, तर माती वाफशावर आहे. गोळाच होत नसेल तर कोरडी. वाळूच्या जमिनीत घट्ट गोळा कधीच होत नाही, तिथं तळहाताला ओल लागते का एवढंच बघा. एक खड्डा चांगल्या झाडाशी आणि एक आजारी झाडाशी खणा. तुलनेशिवाय या चाचणीला अर्थ नाही.

लॉनवर स्क्रू ड्रायव्हर दाबा. हिरव्या जागी तो सहज जातो आणि पिवळ्या जागी अडतो, असं झालं तर तिथं पाणी खाली उतरत नाही. आणखी एक सोपी खूण: लॉनवरून चाला आणि मागं वळून बघा. गवत लगेच उभं राहिलं तर ठीक. पावलांचे ठसे तसेच राहिले आणि गवताला निळसर-करडी छटा आली असेल तर पाणी देण्याची वेळ झाली आहे.

आता माती आणि झाडाची सकाळची अवस्था एकत्र ठेवून वाचा.

- माती वाफशावर, झाड फक्त दुपारी सैल: ही उन्हाची मागणी आहे. काही करू नका.
- माती कोरडी, झाड सकाळी ताजं, दुपारी कोमेजलेलं: ताण सुरू झालाय. पाणी द्या.
- माती कोरडी, झाड सकाळीही कोमेजलेलं: ताण खोल गेलाय. आजच पाणी द्या, पण हप्त्यानं.
- माती ओली, झाड सकाळीही कोमेजलेलं: पाणी ताबडतोब थांबवा आणि टप्पा ३ वर जा.

शेवटची ओळ दोनदा वाचा. ओल्या मातीत कोमेजलेल्या झाडाला लोक दया येऊन आणखी पाणी घालतात. मुळांना हवा मिळत नसते, ती पाणी उचलू शकत नसतात, आणि वरून घातलेलं पाणी उरलेली मुळंही कुजवतं.

तपासणी: माती ओलसर आहे, तरी पानांच्या कडा करपल्यात आणि जमिनीवर पांढरा थर दिसतोय? मग क्षार वाढलेत. मातीची आणि सिंचनाच्या पाण्याची क्षारता मोजून घ्या. निचरा चांगला असेल तरच जादा पाणी देऊन क्षार खाली धुता येतात. निचरा नसेल तर त्याच पाण्यानं क्षार पुन्हा वर येतात.

## टप्पा ३: मूळ आणि खोड

झाड उपटू नका, खणून काढा. उपटलं की कुजलेली मुळं जमिनीतच राहतात आणि हातात फक्त चांगली येतात.

मुळं पाण्यात हलकेच धुवा. निरोगी मुळी पांढरी, टणक, बारीक तंतूंची असते. तपकिरी झालेली मुळी दोन बोटांत धरून ओढली आणि वरची साल मोज्यासारखी निघून आत दोऱ्यासारखा गाभा राहिला, तर पिथियमसारख्या, ओल्या मातीत वाढणाऱ्या बुरशीसारख्या जिवाची मूळकूज आहे. मुळावर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे सूक्ष्म कृमी. पण कडधान्यांत घाई करू नका. नत्र धरून ठेवणाऱ्या गाठी मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात, नखानं सहज सुटतात आणि फोडल्या तर आत गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती वेगळी निघत नाही.

आता खोड जमिनीलगत कापा. आतला कडेचा भाग तपकिरी झाला असेल तर मर रोग. टोमॅटो, वांगी, मिरची या वर्गात ही मर बुरशीची की जिवाणूची, हे ग्लासातल्या पाण्यानं कळतं. ताज्या कापलेल्या खोडाचा पाच-सात सेंटिमीटरचा तुकडा धरा आणि त्याचं कापलेलं टोक स्वच्छ पाण्यात बुडवा. हात हलवू नका. ग्लासामागं काळा कागद धरा. जिवाणूजन्य मर असेल तर काही मिनिटांतच कापलेल्या टोकातून दुधाळ धागे सरळ खाली उतरताना दिसतात, धुराची रेघ उलटी झाल्यासारखे. बुरशीच्या मरीत हे धागे येत नाहीत. तिथं खालची पानं आधी पिवळी पडतात, अनेकदा फांदीच्या एकाच बाजूची. जिवाणूच्या मरीत झाड हिरवंगार असतानाच कोसळतं.

या दोन्हींवर पानांवर मारायचं औषध नाही. आजारी झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा, त्या ओळीतून दुसऱ्या ओळीत पाणी वाहू देऊ नका, निचरा सुधारा. पुढच्या हंगामात पीक बदला किंवा प्रतिकारक वाण, कलमी रोपं लावा. चाकू प्रत्येक झाडानंतर ७० टक्के अल्कोहोलनं पुसा.

## टप्पा ४: पान, आणि तेही खालून

मावा, पांढरी माशी, कोळी यांची वस्ती पानाच्या मागं असते. पान उलटून भिंगानं बघा. मग शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदीवर दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर बारीक ठिपके पडतील. चालणारे ठिपके गोल असतील आणि आठ पायांवर रेंगाळत असतील तर ते कोळी. लांबट, सुईच्या टोकाएवढे, भरभर पळणारे असतील तर फुलकिडे. एवढा फरक कळला तरी चुकीच्या औषधाचा खर्च वाचतो. कोळी हा कीटक नव्हे. माव्या-तुडतुड्यांवर चालणारं इमिडाक्लोप्रिड कोळ्यावर काम करत नाही. उष्ण, कोरड्या हवेत आणि पाण्याच्या ताणात कोळी भराभर वाढतो, म्हणून त्याच्या बंदोबस्तात पाण्याचा वाटा मोठा आहे.

रोगांमध्ये भुरी आणि केवडा यांची अदलाबदल फार होते. भुरी पानाच्या वरच्या बाजूला पिठासारखी, बोटानं पुसली जाणारी. तिला पानावर पाणी साचलेलं लागत नाही, दमट हवा पुरते. केवड्यात वरच्या बाजूला शिरांच्या चौकटीत अडकलेले पिवळे डाग आणि बरोबर त्याच जागी खालून करडी-जांभळट लव. तो पान ओलं राहिल्याशिवाय वाढत नाही. करप्याच्या एका प्रकारात डागात लक्ष्यासारखी वर्तुळं दिसतात. जिवाणूचे ठिपके सुरुवातीला तेलकट, पाणी शोषल्यासारखे आणि कोनदार असतात.

टोमॅटोच्या फळाचा तळ काळा आणि चामड्यासारखा झाला, तर त्यावर बुरशीनाशक मारू नका. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, असं चाललं की वाढत्या फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, पोचत नाही आणि तळ मरतो. दुरुस्ती पाण्याच्या नियमिततेत आहे.

## टप्पा ५: लॉनच्या दोन खास चाचण्या

पिवळ्या चट्ट्याच्या मध्यावर नको, हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवर काम करा. मध्यावर खाणारा केव्हाच पुढं सरकलेला असतो.

पहिली चाचणी हुमणीची. ३० सेंटिमीटर बाजूचा चौकोन तीन बाजूंनी कापा आणि गवत पुस्तकाच्या पानासारखं उलटा. मुळं खाल्ली गेली असतील तर ते गालिच्यासारखं सुटून येतं. खालची ७-८ सेंटिमीटर माती चाळून पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या मोजा. एक-दोन अळ्या सशक्त लॉन सहज सोसतं. जातीनुसार चौकोनी फुटाला ५ ते १० अळ्या निघाल्या तर उपायाचा विचार करा.

दुसरी चाचणी गवत खाणाऱ्या अळ्यांची. ४ लिटर पाण्यात ३० मिलिलिटर भांडी धुण्याचं द्रव टाका आणि साधारण एक चौरस मीटरवर झारीनं सोडा. पाच-दहा मिनिटांत लपलेल्या अळ्या वर येतात. हुमणी मात्र यानं वर येत नाही.

दोन्हींत काही सापडलं नाही तर गवताच्या पात्याचं टोक बघा. टोकं फाटलेली, पांढुरकी दिसत असतील तर कापणी यंत्राचं पातं बोथट आहे. हे रोग समजून लोकांनी औषध मारलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

## टप्पा ६: आधी पाणी दुरुस्त करा

कीड किंवा रोग सापडला असला तरी हा टप्पा सोडायचा नाही.

ठिबक. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या नळीवर सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला ड्रिपरखाली मोजपात्र धरा. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरनं एका मिनिटात साधारण ६७ मिलिलिटर पाणी दिलं पाहिजे. सुरुवात आणि टोक यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी गाळणी धुवा, मग नळ्यांची टोकं एकेक करून उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या, आणि शेवटी दाब तपासा. हा क्रम उलटा केलात तर गाळणीतला गाळ पुन्हा नळ्यांत जातो.

तुषार आणि लॉन. डबे सगळीकडे पसरून मांडा, १५ मिनिटं पाणी चालवा आणि प्रत्येक डब्यातलं पाणी पट्टीनं मोजा. सरासरी ५ मिलिमीटर आली तर तुमची यंत्रणा ताशी २० मिलिमीटर पाणी देते. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. लॉनला आठवड्यात २५ मिलिमीटर द्यायचं ठरवलं तर दोन पाळ्यांत, प्रत्येकी ३८ मिनिटांच्या आसपास. पाणी वाहून जात असेल तर ही पाळी तीन तुकड्यांत, मध्ये अर्धा-अर्धा तास थांबून द्या. रोज दहा मिनिटं शिंपडलं तर मुळं वरच्या थरातच राहतात आणि पहिल्या कडक उन्हात लॉन बसतं. डब्यांतल्या आकड्यांत मोठी तफावत असेल तर वेळ वाढवू नका, आधी नोझल आणि त्यांचं अंतर दुरुस्त करा.

वेळ पहाटेची. दवानं पान तसंही ओलं असतं, सूर्य आला की एकदम वाळतं. संध्याकाळच्या पाण्यानं पान रात्रभर ओलं राहतं, आणि बुरशीला रुजायला तेवढे तासच हवे असतात. लॉनवरच्या पिथियमला आणि ब्राउन पॅचला (गवतावर तपकिरी चट्टे पाडणारा बुरशीजन्य रोग) तर उबदार, ओली रात्र मिळाली की पुरे.

पिकात दररोजच्या गरजेचा अंदाज असा काढतात: संदर्भ बाष्पोत्सर्जन (त्या हवामानात प्रमाण गवताकडून रोज उडणारं पाणी) गुणिले पीक गुणांक (त्या तुलनेत तुमच्या पिकाची गरज). बाष्पोत्सर्जन ५ मिलिमीटर आणि गुणांक ०.८ असेल तर ४ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला ४ लिटर. पाणी कमी असेल तर शाखीय वाढीच्या काळात थोडा ताण चालवून घ्या, पण फुलोरा, फळधारणा आणि दाणे भरण्याच्या काळात नाही.

कोरड्या पडलेल्या लॉनवर पाणी मोत्यासारखं गोळा होऊन घसरत असेल तर त्या जागी काट्यानं भोकं पाडा, ओलावा शिरवणारं द्रव वापरा आणि मग हळूहळू भिजवा. ताण असताना गवत थोडं उंच ठेवा आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. ब्राउन पॅच दिसत असताना युरियासारखं पटकन लागणारं नत्र थांबवा. डॉलर स्पॉट हा नाण्याएवढ्या चट्ट्यांचा बुरशीजन्य रोग उलट नत्राच्या कमतरतेत वाढतो, तिथं हलकी मात्रा कामी येते. शेतातही नत्र जास्त झालं की कोवळी पालवी मावा आणि तुडतुडे ओढून घेते.

तपासणी: पाणी दुरुस्त केल्यावर तीन-चार दिवस थांबा. नवा शेंडा ताजा, ताठ येत असेल तर पुढचे टप्पे कदाचित लागणारच नाहीत.

## टप्पा ७: मोजा, मग ठरवा

कीड दिसली म्हणजे फवारणी लागलीच असं नाही. शेतातून नागमोडी चालत २०-२५ झाडं निवडा. कडेची झाडं टाळा. प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं एकेक पान उलटा आणि आकडा वहीत लिहा. शेजारीच मित्रकीटकांची संख्या लिहा: ढालकिडे, त्यांच्या काळ्या-नारिंगी अळ्या, क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाची बारीक देठावर उभी अंडी, आणि सोनेरी-तपकिरी होऊन फुगलेला, न हलणारा मावा. त्या फुगलेल्या माव्याच्या पोटात परजीवी गांधीलमाशी वाढत असते. अशा ममी बऱ्याच दिसत असतील तर आठवडाभर थांबून पुन्हा मोजा.

आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणी परवडू लागते तो किडीचा आकडा, पीक, कीड आणि भाग यांनुसार बदलते, तुमच्या भागाच्या शिफारशीतली घ्या. कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग ही सर्वत्र वापरली जाणारी पातळी आहे. एका रात्रीचा आकडा बघून पंप काढू नका. पिवळे चिकट सापळे पांढरी माशी आणि माव्यासाठी, निळे फुलकिड्यांसाठी.

## टप्पा ८: गट बघून औषध निवडा

डबीवरचं व्यापारी नाव बाजूला ठेवा. सक्रिय घटक वाचा आणि मग त्याचा गट, म्हणजे ते कीड किंवा बुरशी कोणत्या पद्धतीनं मारतं ते. कीटकनाशकांचे गट इरॅक आणि बुरशीनाशकांचे फ्रॅक या औषध-प्रतिकारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समित्या ठरवतात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम आणि अ‍ॅसिटामिप्रिड ही तीन वेगळी औषधं वाटतात, पण तिन्ही ४ए गटातली. एकामागून एक मारली तर तीच फवारणी तीनदा केल्यासारखं आहे, आणि किडीत प्रतिकार तयार होतो. सायपरमेथ्रिन आणि लॅम्डा सायहॅलोथ्रिन दोन्ही ३ए. अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिन आणि ट्रायफ्लॉक्सीस्ट्रोबिन दोन्ही ११. पुढच्या फवारणीला गट बदला, नुसतं नाव नव्हे.

तीन चुका मला सतत दिसतात. केवडा, पिथियम आणि फायटोप्थोरा (पिथियमच्याच वर्गातला बुरशीसारखा जीव) यांवर कार्बेन्डाझिम मारणं: ते या वर्गावर चालतच नाही. जिवाणूच्या ठिपक्यांवर साधं बुरशीनाशक मारणं: तिथं त्यातल्या त्यात ताम्रयुक्त औषधाचा उपयोग होतो. आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड वारंवार मारणं: त्यानं कोळी खाणारे कोळी मरतात आणि लाल कोळी उसळतो.

लेबलवर तुमचं पीक आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे मिसळण्याआधी बघा. त्या दिवसांत तोडणी येत असेल तर ते औषध तुमच्यासाठी नाही.

## टप्पा ९: पाणी, मिश्रण आणि मात्रा

फवारणीच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे) मोजा. कॅप्टन हे बुरशीनाशक सामू ५ ला दीड दिवसाच्या आसपास टिकतं, ७ ला काही तास, आणि ८ च्या पाण्यात दहाएक मिनिटांत निम्मं निकामी होतं. बहुतेक औषधांना ५.५ ते ६.५ सामू मानवतो. पण ताम्रयुक्त औषधासाठी पाणी आम्ल करू नका, पान भाजतं.

टाकी अर्धी भरा. आधी पाण्यात मिसळणारी भुकटी आणि दाणेदार औषध, मग घट्ट द्रव, मग तेलकट द्रव, सगळ्यात शेवटी चिकटणारं-पसरणारं द्रव. प्रत्येक घटक पूर्ण मिसळल्यावरच पुढचा. नवीन मिश्रण असेल तर आदल्या दिवशी त्याच प्रमाणात एक लिटर बरणीत करून अर्धा तास ठेवा. गाळ बसला, दही झालं किंवा बरणी गरम लागली तर एकत्र मारू नका.

मात्रेचा हिशेब साध्या पाण्यानं सुरू होतो. १० बाय १० मीटरचा चौकोन आखा, नेहमीच्या चालीनं फवारा आणि किती पाणी लागलं ते मोजा. ५ लिटर लागलं तर एकराला साधारण २०० लिटर. पंप १६ लिटरचा असेल तर साडेबारा पंप. लेबलवर एकरी १०० मिलिलिटर लिहिलं असेल तर एका पंपाला ८ मिलिलिटर. टोपणानं मोजू नका. नोझलमधून नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त पाणी पडू लागलं की ते बदला, आणि तणनाशकाचा पंप पिकासाठी वापरूच नका.

## टप्पा १०: फवारणीचा दिवस

पिकाला पाण्याचा ताण असेल तर आदल्या दिवशी पाणी द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी फवारा. तहानलेल्या झाडाची पर्णरंध्रं बंद असतात, रस वर चढत नाही, आणि आंतरप्रवाही (झाडाच्या आत शिरून पसरणारं) औषध याच रसाबरोबर वर जातं. औषध पानावर पडून राहतं आणि वरून पान करपतं. गंधक ३२ अंशांच्या वर मारू नका. तेलाची फवारणी आणि गंधक यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

वारा मंद पण जाणवणारा हवा. अगदी स्तब्ध हवेत तुषार तरंगत दुसऱ्याच्या शेतात जातात. फुलोऱ्यात मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारा. वाऱ्याला पाठ किंवा बाजू देऊन चाला, नोझल खालून वर वळवा. पानाची मागची बाजू ओली झाली की नाही, हे पहिल्या दहा झाडांवर थांबून बघा.

इशारा: हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे. चोंदलेलं नोझल तोंडानं फुंकू नका, मऊ ब्रशनं साफ करा. चक्कर, मळमळ, खूप घाम, अंधुक दिसणं यांतलं काही जाणवलं तर तिथंच थांबा, कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि औषधाची डबी घेऊन डॉक्टरकडे जा. रिकामी डबी तीनदा विसळून ते पाणी टाकीतच ओता, मग डबीला भोक पाडा.

## टप्पा ११: काम झालं का, ते बघा

फवारताना एक ओळ, किंवा लॉनवर एक मीटरचा चौकोन, मुद्दाम तसाच सोडा आणि खुंटी ठोकून ठेवा. तो नसेल तर कीड औषधानं कमी झाली की पावसानं, हे सांगता येत नाही.

तीन ते पाच दिवसांनी त्याच झाडांवर तेच आकडे पुन्हा घ्या. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोलसारख्या औषधात अळी काही तासांत खाणं सोडते पण दोन-चार दिवस जिवंत दिसते. जिवंत अळी दिसली म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारू नका. बुरशीनाशकानं जुने डाग हिरवे होत नाहीत. नव्या पानावर डाग येतो का, तेवढंच बघा.

फरक पडला नाही तर प्रतिकार आला म्हणण्याआधी चार गोष्टी याच क्रमानं तपासा: निदान बरोबर होतं का, पानाची मागची बाजू ओली झाली होती का, पाण्याचा सामू काय होता, मात्रा खरंच मोजली होती का. चारही बरोबर असतील तरच गट बदलून पुन्हा फवारा, आणि खुंटीची ती ओळ या वेळीही तशीच सोडा.